कढीपत्ता झोपलाय की गेलाय? (आणि केळीचं काय करू?)

रेडिंगची_वहिनी — २३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, गेली सहा वर्षं इंग्लंडात रेडिंगला. आधी माझी लायकी सांगते, म्हणजे उत्तरं त्या मापाने द्याल.

पहिल्या वर्षी नवऱ्याने मोठ्या कौतुकाने एक रोप आणलं. कुंडीवर चिठ्ठी 'करी प्लांट'. चंदेरी, सुईसारखी पानं. चुरडली की खरंच मसाल्याचा वास. मी आमटीच्या फोडणीत टाकली. आमटीला वैरणीची चव आली. मागाहून कळलं की ते भूमध्य समुद्राकडचं शोभेचं झुडूप, आपल्या कढीपत्त्याशी काडीचं नातं नाही. दुसऱ्या वर्षी ऑनलाइन वीस बिया मागवल्या, वीसही मातीत गेल्या आणि तिथेच राहिल्या. शेवटी गेल्या वर्षी स्लाऊ गावातल्या एका दुकानातून पंचवीस पौंडांना खरं रोप आणलं.

उन्हाळ्यात ते मागच्या अंगणात ठेवलं होतं. मे ते सप्टेंबर काय वाढलं म्हणून सांगू! माझ्या कमरेला लागलं. ऑक्टोबरात रात्री सहा अंशांवर यायला लागल्या तेव्हा आत घेतलं आणि बेडरूमच्या खिडकीत, रेडिएटरच्या वर ठेवलं. ऊब मिळावी म्हणून. तिथपासून घसरण. पानं पिवळी पडली, मग रोज सकाळी झाडूने गोळा करायची पाळी आली. आता नुसत्या काड्या उभ्या आहेत. रोज पाणी घालते. सासूबाई फोनवर म्हणाल्या ताक घाल, म्हणून आठवड्यातून दोनदा पातळ ताकही घालते. मातीला नासलेल्या दह्याचा वास येतोय आणि कुंडीभोवती बारीक काळी चिलटं घोंघावतात.

दुसरं दुखणं केळीचं. पलीकडच्या आजोबांनी दोन वर्षांपूर्वी त्यांच्या केळीचं पिल्लू दिलं होतं. मुसा बसजू म्हणतात तिला, जपानी केळ. ती बाहेर जमिनीतच आहे, सहा फूट झाली. परवा रात्री उणे तीन झालं. सकाळी पडदा उघडला तर सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याने प्रत्येक पानाला नंबर दिला होता. त्याला मी केळफुलाची भाजीही कबूल करून बसलेय.

तर कढीपत्ता गेला का? केळ वाचेल का? आणि तिला केळी लागतील का, की मुलाला आत्ताच खरं सांगून टाकू?

पानसुपारी — २३ नोव्हेंबर

गेला. माझे तीन गेले. आता मी जुड्या आणून धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये टाकते आणि सुखाने झोपते.

ग्लासगोचे_नाना — २४ नोव्हेंबर

वहिनी, झाड बहुधा जिवंत आहे. गेलं तर ते ताकाने जाईल.

मी १९७९ पासून ग्लासगोत आहे आणि माझा आत्ताचा कढीपत्ता तेवीस वर्षांचा आहे. त्या आधीचे किती गेले ते विचारू नका. हे झाड दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबवतं आणि पानं टाकतं. त्याला झोप म्हणा. झोपलेल्या झाडाला पानं नाहीत, म्हणजे पाणी उडवायला जागा नाही. तुम्ही रोज ओतलेलं पाणी कुठे जाणार? कुंडीतच बसणार. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. चिपळुणात कढीपत्त्याला ताक चालतं, कारण तिथे जमीन उबदार आणि मोकळी असते, दोन दिवसांत जिरवून पचवून टाकते. इथल्या गार कुंडीत ते नुसतं नासतं. चिलटं त्या कुजक्या, ओल्या मातीतच अंडी घालतात. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं चूक नाही, त्यांचं झाड वेगळ्या गावात आहे.

आता तुमच्या खिडकीबद्दल. डिसेंबरात चिपळूणला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो आणि दिवस अकरा तासांचा. रेडिंगला तोच सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि दिवस आठ तासांचाही नाही. माझ्याकडे ११ अंशसुद्धा नाही, समोरच्या घराच्या धुराड्यामागून उगवतो आणि शेजारच्याच धुराड्यामागे मावळतो. अशा उजेडात तुम्ही झाडाला खालून रेडिएटरची धग दिलीत. ऊब म्हणते ऊठ, उजेड म्हणतो झोप. उठलंच तर फिक्कट, लांबुडके कोंब काढतं आणि साठवलेलं बळ संपवून बसतं. वर कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड लागते ती निराळीच.

करायचं असं. आधी अंगठ्याच्या नखाने एका फांदीची साल किंचित खरवडा. खाली ओलं हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर जरा खाली उतरा, बुंध्यापर्यंत. मग झाड कुंडीतून काढून मुळं पाहा. पांढरट, टणक मुळं ठेवा. काळपट आणि दोन बोटांत धरून ओढल्यावर सालीसकट निसटणारी कापा. जुनी माती झटका. नव्या मातीत तिसरा हिस्सा परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा बारीक खडी मिसळा. कुंडी उरलेल्या मुळांपुरतीच घ्या. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त मातीत जास्त ओल. दयेपोटी मोठी कुंडी देऊ नका.

मग रेडिएटरपासून लांब, बारा-पंधरा अंशांच्या उजेडी खोलीत ठेवा. पाणी तीन आठवड्यांनी एक वाटी. त्याआधी कुंडी उचलून बघायची. जड लागली तर वाटी परत स्वयंपाकघरात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. डिसेंबर २०१०, ब्रिटनमधला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर. आमच्या बॉयलरची बाहेर जाणारी नळी गोठली आणि बॉयलर बंद. त्या आठवड्यात गावात निम्म्या लोकांचं तेच रडगाणं, दुरुस्तीवाला मिळेना. दोन रात्री घरात सहा अंश. माझ्याकडे दोन कढीपत्ते होते. एकाला आदल्याच दिवशी बायकोने भरपूर पाणी घातलेलं, दुसऱ्याला मी महिनाभर विसरलेलो. विसरलेला तो आज तेवीस वर्षांचा आहे. बायको अजून म्हणते की आळशीपणाचं बक्षीस मिळालेला हा एकच माणूस.

पाण्याचंही सांगतो. तुमच्या टेम्स खोऱ्यातलं पाणी चुनखडीचं, किटलीत पांढरी खपली धरते ना? तोच चुना कुंडीत साठतो आणि मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर कारण ते. छपराच्या पन्हळीखाली पिंप लावा आणि पावसाचं पाणी द्या. आमच्याकडे नळाला कॅट्रिन तलावाचं पाणी येतं, १८५९ पासून, इतकं मऊ की साबण धुतला जात नाही. स्कॉटलंडच्या थंडीत माझं झाड टिकतं त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे.

केळीचं उत्तर जेवून लिहितो.

एडिसनकर — २४ नोव्हेंबर

नानांशी आदरपूर्वक असहमत. झोपवायचं कशाला? मी न्यू जर्सीत, बाहेर जानेवारीत उणे पंधरासुद्धा होतं. तळघरात एलईडी दिवा लावलाय, टायमरवर रोज चौदा तास, तापमान एकवीस-बावीस. पाणी माती वरून इंचभर सुकली की. माझं झाड वर्षभर पानं देतं, रविवारच्या पोह्यांना ताजा कढीपत्ता. फक्त खवले कीड येते. देठांवर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटते. ओल्या फडक्याने पुसायची, मग पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण घालून फवारायचं.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक: दुसऱ्या राज्यातून रोप आणण्याआधी नियम बघा. लिंबूवर्गीय झाडांचा घातक रोग पसरवणारा सिट्रस सायला हा किडा कढीपत्त्यावरही वाढतो, म्हणून कॅलिफोर्निया, फ्लोरिडाकडे या झाडाच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. भारतातून सामानात लपवून तर अजिबात नको.

ग्लासगोचे_नाना — २४ नोव्हेंबर

एडिसनकरांची पद्धतही बरोबर. पूर्ण जागं ठेवा नाहीतर पूर्ण झोपू द्या. मधलं काही नको. फक्त इथल्या विजेच्या बिलात ते पोहे मला परवडत नाहीत.

आता केळ. घाबरू नका. काळी पडलेली पानं कापा, खोड ठेवा. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं, जीव खाली कंदात. बसजूचा कंद नीट झाकला तर उणे दहाच्या आसपाससुद्धा तग धरतो. कोरडा दिवस बघून खोडाभोवती कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा उभा करा, आत गव्हाचा पेंढा दाबून भरा आणि वर पत्रा किंवा जुनं झाकण ठेवा. झाकण विसरू नका. पाऊस वरून पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानात, शिरला की खोड आतून सडत जातं. भोवती प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम सुटतो.

आणि खरंच, थंडीइतकाच वारा वाईट. स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागात, पश्चिम किनाऱ्यावर इन्व्हरयू नावाची बाग आहे. जागा मॉस्कोच्याही उत्तरेला, पण समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे कडक हिवाळा पडत नाही. ऑसगुड मॅकेन्झी नावाच्या गृहस्थाने १८६२ मध्ये तिथल्या उजाड खडकावर सुरुवात केली ती वारा अडवणाऱ्या झाडांपासून. ती वाढेपर्यंत थांबला, मग दक्षिण गोलार्धातली नाजूक झाडं आणली. आज तिथे वृक्षनेचे, म्हणजे झाडासारखे वाढणारे नेचे, उभे आहेत. तुमच्या केळीला कुंपणाचा कोपरा मिळालाय का?

रावेरची_बाग — २५ नोव्हेंबर

ताई, जळगावकडच्या रावेरहून लिहितोय, घरची केळी आहे. तुमचं वाचून गंमत वाटली, कारण थंडीचं रडगाणं आमचंही आहे. तुमच्यासारखा बर्फ नाही, पण जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की बाग थबकते. नवं पान यायचं नाव नाही, आलेलं पिवळं पडतं. निसवायला, म्हणजे घड टाकायला, आलेल्या झाडाचा घड गळ्यातच अडकतो, अर्धा बाहेर, अर्धा आत. मग आम्ही रात्री विहिरीचं पाणी सोडतो, ते जमिनीपेक्षा उबदार असतं. पहाटे बांधावर ओला-सुका काडीकचरा पेटवून धूर करतो. घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, घालतो. कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं असतंच, वाऱ्यासाठी. नाना म्हणतात ते खरं.

तुमच्या मुलाला मात्र खरं सांगा. आमच्याकडे टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची) ग्रँड नैन ही जात लावल्यापासून काढणीपर्यंत अकरा-बारा महिने घेते, तेही बाराही महिने ऊन असताना. तुमचा उन्हाळा चार महिन्यांचा. आणि फळ धरलं तरी बसजू बियांची, खाण्याजोगी नव्हे.

आजोबांच्या काळी आमच्याकडे सगळी बसराई होती, बुटकी. आता शोधावी लागते.

ग्लासगोचे_नाना — २५ नोव्हेंबर

रावेरकर, तुमच्या आजोबांची बसराई म्हणजे ड्वार्फ कॅव्हेंडिश. हे कॅव्हेंडिश कोण ठाऊक आहे का? डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या ड्यूकचं आडनाव. त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने मॉरिशसकडून आलेलं एक रोप काचघरात वाढवून १८३० च्या दशकात त्याला फळ आणलं आणि मालकाचं नाव दिलं. त्याच चॅट्सवर्थमधून रोपं पुढे मिशनऱ्यांबरोबर सामोआपर्यंत गेली. तुमची ग्रँड नैनही त्याच कुळातली. म्हणजे इंग्लंडात केळी पिकतात, वहिनी. फक्त काचघर तापवायला ड्यूकचा कोळसा लागतो.

रेडिंगची_वहिनी — २७ नोव्हेंबर

नाना, मॉस्कोच्या उत्तरेला वृक्षनेचे वाचून नवऱ्याने ती बाग बघायला जायचं ठरवूनही टाकलं. आता अहवाल.

काल स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून कुंडी उलटी केली. असा दर्प आला की मुलगा नाक धरून पळाला. तळाला चार बोटं चिखल होता आणि कुंडीच्या भोकाला मीच घातलेलं खापर चपखल बसून बूच झालं होतं! बाहेरची मुळं दोन बोटांत धरली तर साल हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. पण बुंध्याजवळ आवळ्याएवढा एक झुबका पांढरट निघाला. नखाने खरवडलं: शेंडे तपकिरी, मध्ये तपकिरी, बुंध्यापासून वीतभर उंचीपर्यंत हिरवं. मी तिथेच फरशीवर बसून सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, "ताक जास्त आंबट घातलंस का?"

लहान कुंडीत लावलाय. जिन्याखालच्या खिडकीत ठेवलाय, तिथे चौदा अंश आहेत. पाण्याची वाटी नवऱ्याच्या ताब्यात दिली, माझा माझ्यावर विश्वास नाही.

केळीला पिंजरा पलीकडच्या आजोबांनीच करून दिला. झाकण म्हणून आमचा मोडका वोक (चिनी कढई). मुलाला खरं सांगितलं. तो म्हणाला, मग पानावर जेवायचं. हे आम्हा दोघांना का सुचलं नव्हतं कोण जाणे. पुढच्या गणपतीत नैवेद्य केळीच्या पानावर.

स्विंडनची_माई — २८ नोव्हेंबर

वहिनी, पानांचाच विषय निघाला म्हणून. कढीपत्त्यामागे जीव काढण्यापेक्षा हळद लाव गो. इथे सगळ्यात कमी भांडणारी तीच.

फेब्रुवारीत गुजराती दुकानातून ओली हळद आणायची, डोळे फुगलेली बघून. ओलसर मातीच्या उथळ डब्यात पुरायची आणि डबा गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वर. उजेड लागत नाही, ऊब लागते, वीस अंशांच्या वर. माझी तर महिना-दीड महिना हलत नाही. पोरं म्हणतात आई, फेक. मग एक दिवस गुलाबी-पांढरं टोक वर येतं. तेव्हा खिडकीत आणायची, जूनमध्ये बाहेर, वारा नाही अशा भिंतीशी. श्रावणापर्यंत हातभर पानं होतात. नागपंचमीच्या पातोळ्या माझ्या घरच्या पानांत होतात, गेली नऊ वर्षं.

आमच्या स्विंडनला गोंयकार पुष्कळ. नागपंचमीच्या आगेमागेच १५ ऑगस्टचं फेस्त (मेरीमातेचा सण), त्याला ख्रिस्ती शेजारणी पातोळ्या करतात, त्याही पानं मागायला येतात. दोन सणांत माझी कुंडी बोडकी होते. ऑक्टोबरात उरलेली पानं पिवळी पडली की पाणी बंद. कुंडी तशीच कोरडी कपाटाखाली सरकवायची, फेब्रुवारीपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एका कंदाचे पाच होतात.

पानसुपारी — २८ नोव्हेंबर

आता मला पातोळ्या हव्यात. धन्यवाद.

रेडिंगची_वहिनी — १८ मे

मंडळी, धागा वर काढते.

हिवाळाभरात कढीपत्त्याला एकूण सात वाट्या पाणी मिळालं, नवऱ्याने फ्रीजवर रेघा ओढून ठेवल्यात. मार्चअखेर शेंड्याकडच्या सगळ्या काड्या वाळल्या. हिरवं होतं ते वीतभर तेवढं उरलं, पण त्यावर डोळा फुटेना. एप्रिलमध्ये मी आशा सोडली. नवरा म्हणाला, माझी आठवी वाटी राहिलीय, मेच्या एकला घालू दे. ९ मेला मुलगा ओरडत आला. बुंध्यावर काहीच नव्हतं. बुंध्यापासून चार बोटं लांब, थेट मातीतून लालसर देठ वर आलं होतं. मुळातून फुटलेलं. आज त्याला नऊ पर्णिका आहेत, सगळ्यात मोठी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. चुरडली नाही. नुसतं बोट फिरवून वास घेतला.

वोक काढला तर केळीचं खोड बुडापासून एक फूट टिकलं होतं, वरचं लिबलिबीत झालं होतं, ते कापलं. कापलेल्या जागी मधोमध पोंगा रोज इंचभर वर येतोय, आणि शेजारी दोन पिल्लं. एक पिल्लू आजोबांना परत द्यायचंय, त्यांचं मूळ झाड या वेळी गेलं. त्यांनी त्याला झाकण घातलं नव्हतं, सगळा पेंढा आम्हाला दिला होता.

माई, मी फेब्रुवारीत हळद पुरली होती, पण आमच्या नव्या बॉयलरला टाकीच नाही, म्हणून कपाटही नाही. राउटरच्या वर ठेवली होती. उगवली नाही.

स्विंडनची_माई — १८ मे

राउटरवर! माझ्याकडे कोंब आलेले तीन डबे जास्तीचे आहेत. शनिवारी लेकीकडे लंडनला चाललेय, गाडी रेडिंगवरूनच जाते. किती वाजताची ते कळवते, फलाटावर ये. कापडी पिशवी आण, प्लास्टिकची नको.